संपर्क तुटला की मोटर थांबलीच पाहिजे: बोटींचे रिमोट बनवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
गळाने मासे धरणाऱ्यांच्या बोटींसाठी विजेच्या मोटरी आणि त्यांचे बिनतारी रिमोट बनवणाऱ्या सर्व कंपन्या

विषय: रिमोटचा संपर्क तुटल्यावर मोटर थांबण्याबाबत आणि जुन्या मोटरींना रिमोट मिळत राहण्याबाबत

स. न. वि. वि.

माझ्या बोटीच्या पुढच्या टोकाला जी मोटर बसवलेली आहे, तिच्या कंपनीने मला नुकतंच कळवलं की त्या मोटरीचा रिमोट बनवणं बंद झालं आहे, नव्या पिढीचा रिमोट तिच्याशी जोडला जात नाही, तेव्हा मी नवी मोटर घ्यावी. मोटर धडधाकट आहे. पंखा, दांडा, आतली गुंडाळी, बॅटरीची वायर, कशालाही काही झालेलं नाही. बिघडला आहे तो फक्त तळहातात मावणारा रिमोट.

उत्तर सभ्य भाषेत होतं, पण मला ते मान्य नाही. ते वाचल्यावर बाकीचंही बोलून टाकायचं ठरवलं. पाण्यावर जाणारे आम्ही लोक या गोष्टी आपापसात कधीपासून बोलतो, पण त्या तुमच्यापर्यंत पोचल्याचं तुमच्या मालात दिसत नाही. म्हणून हे पत्र एका कंपनीला न लिहिता तुम्हा सगळ्यांना लिहिते आहे, आणि उघड लिहिते आहे.

आधी मी कोण ते सांगते. लहानपणी झालेल्या पोलिओमुळे माझ्या उजव्या पायात बळ नाही. पायाने चालवायची मोटर म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक आहे, पण अशी बोट कधी न पाहिलेलेही हे वाचतील, त्यांच्यासाठी थोडक्यात. बोटीच्या टोकाशी एक पेडल असतं. टाच दाबली की मोटर एका बाजूला वळते, चवडा दाबला की दुसऱ्या, आणि बाजूचं बटण दाबलं की पंखा फिरतो. एक पाय सतत पेडलवर, अंगाचा सगळा भार दुसऱ्यावर, आणि खाली डुलणारी बोट. दोन्ही पाय शाबूत असलेल्यांचीही संध्याकाळपर्यंत कंबर धरते. मला ते शक्यच नव्हतं. हाताने वळवायची मोटर मी वापरली, पण एक हात तिच्यात अडकला की गळ टाकायला, लागलेला मासा खेळवायला आणि जाळीत घ्यायला एकच हात उरतो. बिनतारी रिमोट आला तेव्हा मी पहिल्यांदा कोणालाही सोबत न घेता पाण्यावर गेले. वळणं, वेग वाढवणं, थांबणं, सगळं बसल्या जागी बोटांवर आलं. मग जीपीएसचा नांगर आला. बटण दाबलं की मोटर स्वतः फिरून बोटीला त्या जागी धरून ठेवते, दोर नाही, वजन ओढणं नाही. जिला लोखंडी नांगर वर ओढता येत नाही, तिच्यासाठी याचं मोल काय आहे हे कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं.

तेव्हा मी रिमोटच्या विरोधात लिहिते आहे असं कोणी समजू नये. माझं पाण्यावर जाणं ज्याच्यावर अवलंबून आहे, त्याच्याबद्दल लिहिते आहे. तुम्ही रिमोटला मोटरीबरोबरचं जोडसामान मानता. हमी जोडसामानाची, सुटे भाग जोडसामानाचे, बनवणं बंद करण्याचा निर्णयही जोडसामानाच्या हिशेबाने. बोटीत बसलेल्या माणसाचं तर ते सुकाणू असतं. सुकाणू बनवणाऱ्यावर जी जबाबदारी येते ती तुम्ही घ्यावी, एवढंच माझं म्हणणं आहे. पुढच्या सगळ्या तक्रारी त्यातूनच निघतात.

बिनताराने बोट चालवणं ही काल-परवाची कल्पना नाही. निकोला टेस्लाला रेडिओलहरींनी चालणाऱ्या छोट्या बोटीचं पेटंट ८ नोव्हेंबर १८९८ रोजी मिळालं, आणि न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने ती लोकांसमोर हौदात चालवून दाखवली. गळ टाकणाऱ्यांच्या विजेच्या मोटरीलाही वय आहे. अमेरिकेतल्या फार्गो इथे ओ. जी. श्मिट यांनी १९३४ मध्ये फोर्डच्या मॉडेल ए गाडीच्या स्टार्टर मोटरला दांडा आणि पंखा जोडला, त्यातून अशा मोटरी बनवणारी मिन कोटा ही कंपनी उभी राहिली. या दोन वाटा एकत्र आल्या तेव्हा एक फरक पडला आणि त्याचा पुरेसा विचार झालेला दिसत नाही. टेस्लाच्या बोटीत कोणी बसलेलं नव्हतं, चालवणारा बाहेर उभा होता. आमची बोट चालवणारा बोटीतच असतो, आणि तो पाण्यात पडू शकतो. पेडलच्या बटणावरून पाय निघाला की एरवी पंखा थांबतो. रिमोटचं तसं नाही. एकदा हुकूम दिला की देणारा बोटीत आहे की नाही, याच्याशी मोटरीला कर्तव्य उरत नाही.

माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे. संपर्क तुटल्यावर माझी मोटर शेवटचा हुकूम पाळत राहते. रिमोटचा सेल संपला, रिमोट हातातून निसटून पाण्यात गेला, किंवा रिमोट गळ्यात असलेली मीच पाण्यात गेले, तरी तिला पुढे जायला सांगितलेलं असेल तर ती पुढेच जाते. असे अनेक रिमोट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. त्या लहरींची लांबी हवेत साधारण साडेबारा सेंटिमीटर, आणि पाणी त्या झपाट्याने शोषतं. वीतभर गोड्या पाण्याखाली सिग्नल जवळजवळ संपतो, खाऱ्या पाण्यात त्याहून लवकर. माणसाच्या शरीरातही पाणीच जास्त, म्हणून रिमोट छातीवर आणि मोटर पाठीकडे असेल तर बोटीत बसल्या बसल्याही हुकूम अडखळतात. म्हणजे माणूस रिमोटसकट पाण्याखाली गेला की संपर्क तुटणार, हे आधीपासून ठरलेलं आहे. तुम्हाला ते आमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. आणि नेमक्या त्याच क्षणी मोटर चालू राहते. १२ व्होल्टची ५५ पौंड जोराची मोटर छोट्या बोटीला माणसाच्या झपाझप चालण्याच्या वेगाने सहज नेते. अंगात कपडे आणि लाइफ जॅकेट असताना त्या वेगाने पोहून बोट गाठणं चांगल्या पोहणाऱ्यालाही जमत नाही. माझा तर प्रश्नच येत नाही.

यावर उपाय आहे का, हे शोधत बसायची गरज नाही. पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनांसाठी बिनतारी किल स्विच बाजारात आहेत. चालकाच्या अंगावर एक छोटी चकती असते. ती पाण्यात गेली की सिग्नल तुटतो, सिग्नल तुटला की इंजिन बंद. जी गोष्ट तिथे माणसाला वाचवते, तीच तुमच्या रिमोटमध्ये त्याला बोटीपासून तोडते, आणि दोन्हीकडे पाणी तेच, लहरी त्याच. कारखान्यांतल्या क्रेन बिनतारी रिमोटवर चालतात. यंत्रांच्या बिनतारी नियंत्रणासाठी आयईसी ६२७४५ हे आंतरराष्ट्रीय मानक २०१७ मध्ये आलं, आणि संपर्क तुटला की यंत्राने आपोआप थांबायचं हे त्या क्षेत्रात गृहीतच धरलेलं असतं. हौशी लोक उडवतात त्या रिमोटच्या विमानांतही सिग्नल गेला की मोटरीचा वेग खाली आणायची सोय असते. त्या विमानात कोणी बसलेलं नसतं.

कायद्याकडे बोट दाखवून हा प्रश्न सुटत नाही. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांपेक्षा लहान मोटरबोटी वेगात चालवताना किल स्विच लावणं सक्तीचं आहे. पण तो नियम ११५ पौंड किंवा त्याहून जास्त जोराच्या यंत्रांना लागू होतो. ३६ व्होल्टच्या अनेक मोटरी ११२ पौंडांच्या असतात, बाकीच्या बहुतेक त्याहून कितीतरी लहान. म्हणजे आमच्या बहुतेक मोटरी त्या नियमाच्या खालीच राहतात, आणि त्यांच्याबाबत तुमच्यावर कोणाची सक्ती नाही. सक्ती नाही म्हणूनच हे तुम्ही आपणहून करायला हवं.

तुमच्या बाजूचा एक मुद्दा मला पटतो आणि तो मी झाकून ठेवणार नाही. मोटर अचानक बंद पडणंही धोक्याचं असू शकतं. पाण्याला जोराची ओढ आहे, वारा खडकांकडे ढकलतो आहे, रिमोटचा सेल संपला आणि मोटर थांबली, तर बोटीत बसलेला माणूस अडचणीत येतो. पण माणूस बोटीत आहे की पाण्यात, हे मोटरीला कळत नाही. बोटीत असलेला माणूस उठून मोटर पुन्हा चालू करू शकतो, पाण्यात असलेला ती बंद करू शकत नाही. म्हणून न कळल्यास थांबायचं, हाच नियम बरोबर आहे. थांबण्याआधी काही सेकंद मोठा बीप वाजवा, कोणाला संपर्क तुटल्यावर जीपीएसच्या नांगरावर राहायचं असेल तर तो पर्याय द्या, पण डब्यातून निघालेली मोटर थांबणारीच असू द्या.

इथे दुसरी तक्रार येते. बोटीतला माणूस उठून मोटर चालू करेल असं मी म्हटलं खरं, पण माझ्या मोटरीच्या डोक्यावर वेग, दिशा किंवा थांबण्याचं एकही बटण नाही. रिमोट गेला की मोटर थांबवायचा एकच मार्ग उरतो: टोकापर्यंत जाऊन जाड प्लग ओढून काढायचा, नाहीतर बॅटरीजवळचा ब्रेकर पाडायचा. बोट गोल गोल फिरत असताना मला टोकापर्यंत सरपटत जावं लागलं आहे. ज्यांचे पाय धड आहेत त्यांनीही चालू पंख्याच्या शेजारी ओणवं होऊन प्लग उपसावा, ही काही रचना नव्हे. चार बटणं आणि एक लाल थांबा, एवढं मोटरीच्या डोक्यावर बसवायला फार मोठ्या संशोधनाची गरज नाही.

तिसरी तक्रार रिमोटच्या अंगाची आहे. पाण्यावर वापरायची वस्तू बुडते कशी? आयपी ६७ हा शिक्का असला की तुम्ही निश्चिंत होता. पाण्यापुरता त्याचा अर्थ एवढाच, की एक मीटर गोड्या पाण्यात ३० मिनिटं ठेवलं तर आत घातक इतकं पाणी शिरत नाही. खाऱ्या पाण्याबद्दल तो शिक्का काही सांगत नाही, आणि वस्तू तरंगेल की तळाला जाईल याच्याशी तर त्याचा काही संबंधच नाही. तळाशी कोरडा राहिलेला रिमोट माझ्या काय कामाचा? आणि तो काळा का असतो? संध्याकाळच्या पाण्यावर काळी वस्तू तरंगली तरी दिसत नाही. आत हवेचा एक बंद कप्पा ठेवा, अंगाला भडक नारिंगी रंग द्या.

बटणांबद्दलही तेच. डोळे गळाच्या दोरीवर असतात, बोटं ओली असतात, थंडीत बधिर असतात, कधी हातमोज्यात असतात. अशा वेळी डावं, उजवं, वेग आणि नांगर ही सगळी बटणं एकाच आकाराची आणि एकाच उंचीची असतील तर बोटांनी ओळखायचं कसं? थांबण्याचं बटण इतकं वेगळं असायला हवं की अंधारात, न पाहता, अंगठा थेट त्यावर जाईल. संधिवाताने बोटं आखडलेले आणि एका हाताने सगळं करणारे लोक रिमोटमुळेच अजून पाण्यावर येतात. त्यांच्यापैकी कोणाच्या हातात हा रिमोट देऊन तुम्ही कधी पाहिलं आहे का, हे मला खरोखर जाणून घ्यायचं आहे.

मोबाइलचं ॲप हा यावरचा उपाय नाही. मला तुमच्यापैकी एकाने ‘रिमोट नसला तरी ॲप आहे’ असं सुचवलं होतं. ओलं बोट काचेवर नीट उमटत नाही, भर उन्हात पडदा दिसत नाही, आणि सपाट काचेवर चाचपडून काही सापडत नाही. फोनची प्रणाली बदलली की ॲप चालेलच याची खात्री नसते. नकाशा पाहायला, मार्ग साठवायला ॲप उत्तम आहे, मीही वापरते. पण वाऱ्यात बोट दगडाकडे जात असताना फोनचं कुलूप उघडून ॲप शोधायचं, याला मी नियंत्रण म्हणणार नाही.

जीपीएसच्या नांगराचं मी वर मनापासून कौतुक केलं, पण त्याच्यात एक धोका आहे आणि तो तुमच्या पुस्तिकेत बारीक अक्षरात असतो. बोट जागेवरून थोडी सरकली की मोटर कोणी न सांगता, एकदम फिरू लागते. त्या वेळी कोणी पाण्यात उतरलेलं असेल, टोकाशी हात घालून अडकलेली दोरी सोडवत असेल, तर त्याला काही कळायच्या आत पंखा चालू होतो. आपोआप फिरण्याआधी एक ठळक इशारा द्या. मोटरीत वीज आहे आणि ती स्वतःहून फिरू शकते, हे दाखवणारा दिवा मोटरीच्या डोक्यावर चारी बाजूंनी दिसेल असा ठेवा.

आता ज्या कारणाने हे पत्र सुरू झालं तिकडे येते. मोटर वर्षानुवर्षं टिकते, हे तुमच्या मालाचं खरं यश आहे आणि त्याबद्दल मला आदर आहे. मग तिचा रिमोट तिच्याआधी का मरावा? मोटरीच्या आत रेडिओचा जो छोटा भाग असतो तो बदलता येण्याजोगा ठेवला, तर जुन्या मोटरीला नवा रिमोट जोडता येईल. नाहीतर निदान बनवणं थांबवण्याच्या आधी जाहीर सांगा, म्हणजे लोक एखादा जास्तीचा रिमोट घेऊन ठेवतील. मला तीही संधी मिळाली नाही. मी विचारलं तेव्हा कळलं. तेही शक्य नसेल, तर मोटर आणि रिमोट एकमेकांशी काय बोलतात ते जाहीर करा. हाताने वस्तू दुरुस्त करणारे, नवी बनवणारे कुशल लोक जगात कमी नाहीत. ते आमची सोय करतील. कोणाचाही रिमोट कोणाच्याही मोटरीला चालावा असं मी म्हणत नाही. प्रत्येक रिमोटची आपल्या मोटरीशी स्वतंत्र जोडणी असते ती हवीच, शेजारच्या बोटीच्या रिमोटने माझी मोटर वळता कामा नये.

सेलबद्दल थोडंसं. काही रिमोट कायमचे बंद केलेले असतात, आतला सेल बदलताच येत नाही. युरोपीय संघाच्या २०२३/१५४२ या बॅटरी नियमाप्रमाणे १८ फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणांतल्या छोट्या बॅटऱ्या वापरणाऱ्याला स्वतः काढता यायला हव्यात. त्याच नियमात पाण्यात वापरायच्या, धुता येणाऱ्या उपकरणांसाठी सवलत ठेवली आहे. तुमचे रिमोट कदाचित त्या सवलतीत बसतीलही. कृपा करून तिचा आडोसा घेऊ नका. रबरी रिंग असलेलं, नाण्याने उघडता येणारं झाकण पाणी अडवू शकतं, हे पाण्याखाली वापरायच्या टॉर्चनी कधीच सिद्ध केलं आहे.

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत.

१. संपर्क तुटल्यावर मोटर इशारा देऊन थांबेल, हेच मूळ सेटिंग असावं. बदलायचं असेल तर ग्राहक जाणूनबुजून बदलेल.

२. प्रत्येक मोटरीच्या डोक्यावर थांबण्याचं, चालवण्याचं आणि वळवण्याचं बटण असावं. थांबण्यासाठी बोटीच्या मध्ये बसवता येईल असा वायरचा वेगळा लाल स्विचही मिळावा, म्हणजे टोकापर्यंत जाता न येणाऱ्यांनाही तो गाठता येईल.

३. रिमोट तरंगावा, दुरून दिसावा, बटणं स्पर्शाने ओळखता यावीत, सेल ग्राहकाला बदलता यावा.

४. नांगराच्या अवस्थेत मोटर आपोआप फिरण्याआधी आवाजाचा इशारा मिळावा.

५. कोणत्याही मोटरीची विक्री थांबल्यानंतर किमान १५ वर्षं तिला चालणारा रिमोट मिळावा. बनवणं बंद करायचं असेल तर दोन वर्षं आधी तशी जाहीर सूचना द्यावी.

६. सिग्नल गेल्यावर ही मोटर काय करते, हे एका वाक्यात डब्यावर छापावं. विकत घेण्याआधी ते वाचायला मिळणं हा ग्राहकाचा हक्क आहे.

यातल्या पहिल्या मागणीसाठी बऱ्याच मोटरींना नवं यंत्रही लागणार नाही, सॉफ्टवेअरच्या एका बदलाने काम होईल. ॲपमधून तुम्ही नव्या सोयी पाठवता तसाच तो पाठवता येईल. म्हणून तिच्यासाठी मी पुढच्या हंगामापर्यंतची मुदत योग्य समजते. बाकीच्या मागण्यांना वेळ लागेल हे मान्य आहे, पण तो किती लागेल ते सांगा.

मला वेगळं पत्र किंवा सवलतीचं कूपन नको. उत्तर सगळ्यांना वाचता येईल असं द्या, आणि प्रत्येक मागणीपुढे हो की नाही ते लिहा. ‘नाही’ असेल तर कारणही लिहा. नवी मोटर घेण्याचा निर्णय मी ती उत्तरं वाचून करेन, आणि माझ्याबरोबर पाण्यावर जाणाऱ्यांनाही तसंच करायला सांगेन.

आपली,
तुमची एक जुनी ग्राहक